पूर आणि राउटरशेजारचा डबा

सांगलीत जून लागला की लोक फुटांत बोलू लागतात. कोयनेतून विसर्ग किती, आयर्विन पुलापाशी पाणी किती. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ च्या वर गेली, तेव्हापासून तळमजल्यावरची घरं पावसाळ्याआधी रंगीत तालीमच करतात: काय माळ्यावर चढवायचं, काय पिशवीत भरायचं.

आमच्या तालमीत एका नॅसची भर पडली आहे. नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली एकाच जागी ठेवणारा, दोन हार्ड डिस्क पोटात घेऊन राउटरशेजारी घुरघुरणारा डबा. घराचं खरेदीखत, सातबारा, विम्याची पॉलिसी, बाबांचे ईसीजी, पिढ्यान्‌पिढ्यांचे फोटो, सगळं त्यात.

यंदा मेन स्विच पाडून पाहिला, कारण पुरात वीज नुसती जात नाही, खबरदारी म्हणून बंदच करतात. इन्व्हर्टरवर राउटर आणि नॅस पुन्हा सुरू झाले. इंटरनेट मात्र गेलंच. गल्लीतली लाइट गेली की केबलवाल्याची पेटीही झोपते. म्हटलं, बिघडलं काय, डबा तर घरात आहे! मोबाइलवरचं ॲप उघडलं, तर ते नुसतं गोल गोल फिरत बसलं. हात लांबवला तर डब्याला लागेल, पण ॲपचा रस्ता जात होता कंपनीच्या सर्व्हरवरून.

मग लॅपटॉप. शॉर्टकटवर क्लिक केलं, तर नॅस सापडेना. राउटरने पुन्हा सुरू होताना त्याला नवा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला नवा क्रमांक, देऊन टाकला होता आणि शॉर्टकट जुन्या पत्त्यावर दार ठोठावत होता. राउटरच्या यादीतून नवा पत्ता शोधून टाकला, तर आता विंडोज आडवं आलं. आम्ही नॅसवर पासवर्डाशिवायच जायचो, आणि विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डाच्या पाहुण्याला असं आपसूक आत जाता येत नाही. नियम चांगलाच आहे, फक्त तो अंधारात, गुडघाभर पाण्यात उभं राहून कळू नये.

नॅसचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला, घरातल्या प्रत्येकाचं खातं उघडलं. दोन डिस्कवर तेच ते लिहिलं जातं याचा मला फार आधार वाटत नाही. एक बिघडली तर दुसरी आहे, पण बुडतील त्या जोडीनंच. शिवाय असे डबे बहुधा लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सच्या पद्धतीनं लिहिलेली डिस्क विंडोजला सहसा वाचता येत नाही. त्यातली डिस्क काढून विंडोजला जोडली की ते नम्रपणे विचारतं, ‘फॉरमॅट करायची का?’ बुडत्याला ‘पाणी देऊ का’ विचारण्यातलाच प्रकार! म्हणून महत्त्वाच्या कागदांची प्रत कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशा साध्या पेनड्राइव्हवर घेतली आणि तो औषधांच्या पिशवीत टाकला. डिजिलॉकर आहेच, पण त्यालाही नेट लागतं.

“आणि तू घरी नसलास तर हे उघडणार कोण?” इतका वेळ गप्प बसलेल्या आईनं विचारलं.

तेव्हा पत्ता, खात्याचं नाव, पासवर्ड असं सगळं कागदावर लिहायचं ठरलं. चोराच्या हाती लागला तर, अशी शंका बायकोनं काढली. “लागू दे. बघेल बाबांचे ईसीजी,” आई म्हणाली. कागद पिशवीत गेला.

दुसरा पेनड्राइव्ह पुण्याला बहिणीकडे ठेवायचा आहे. तिची अट एकच: तिच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ त्यात हवा. तो सातबाऱ्याइतका तातडीचा कसा, यावर सध्या फोनवर चर्चा चालू आहे.