शिट्टी नको, दिवा हवा

माझा उजवा कान लहानपणापासूनच कामातून गेलेला. डावाही गेल्या दोन वर्षांत हळूहळू मिटत चाललाय. श्रवणयंत्र आहे, पण घरात एकटी असले की मी ते काढून ठेवते. दिवसभर आवाजांचा मारा सोसवत नाही. मग प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी मला कळत नाही. वाफ दिसते, वजन उचललेलं दिसतं, पण त्यासाठी समोर उभं राहावं लागतं. जरा पाठ वळली की मोजणी चुकली. तीनच्या जागी किती शिट्ट्या झाल्या ते नंतर भातावरूनच समजायचं, खाली करपलेला आणि वर गिच्च. एकदा तर आतलं पाणी आटून रबर जळायला लागलं होतं. मी पुढच्या खोलीत होते, वास आला म्हणून धावले.

त्या संध्याकाळपासून इलेक्ट्रिक राइस कुकरचा विचार मनात घोळायला लागला. ताईला विचारलं तर तिचा पहिला प्रश्न, "एका भातासाठी ओट्यावर आणखी एक भांडं कशाला?" प्रश्न रास्त होता. पण तिच्याच माळ्यावर भेट आलेला एक कुकर पडून होता, १.८ लिटरचा. दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आली. म्हणाली, "तीन आठवडे वापर, मग ठरव." वस्तू विकत घेण्याआधी उसनी आणून वापरून बघणं यासारखं दुसरं काही नाही, हे मला आता मनापासून पटलंय.

पहिले दोन दिवस मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. आत काय चालतं ते समजल्याशिवाय माझा यंत्रावर विश्वास बसत नाही. साध्या, खटक्याच्या कुकरची रचना फार सुंदर आहे. भांड्याच्या बुडाला मधोमध एक चुंबक टेकलेलं असतं. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तांदळाने पाणी पिऊन घेतलं आणि उरलेलं वाफ होऊन गेलं, की बुडाचं तापमान शंभराच्या वर चढायला लागतं. हे चुंबक अशा मिश्रणाचं असतं की शंभराच्या थोडं पुढे गेल्यावर त्याचं चुंबकत्वच नाहीसं होतं. मग स्प्रिंग त्याला ओढून घेते, खटका वर उडतो आणि दिवा बदलतो. म्हणजे यंत्र वेळ मोजतच नाही, पाणी संपलं की थांबतं. शिट्ट्या मोजण्याचं जे काम मला जमत नव्हतं, ते इथे कुणालाच करावं लागत नाही.

आपोआप बंद होणारा पहिला यशस्वी राइस कुकर तोशिबाने १९५५ साली जपानमध्ये विकायला आणला. तो घडवणारे योशितादा मिनामी. त्यात एकात एक अशी दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात थोडं पाणी घालायचं. ते आटलं की तापमान वाढायचं आणि दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडायची. पण किती पाण्याला किती वेळ लागतो, कुठल्या हवेत भात कसा होतो, याच्या चाचण्या मिनामींच्या पत्नी फुमिको यांनी घरी पुन्हापुन्हा भात शिजवून घेतल्या. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतेय.

आता माझ्या वहीतलं. २१ दिवसांत १६ वेळा भात केला आणि पहिले चार बिघडले. दोष कुकरचा नव्हता, मापाचा होता. मी एकटीपुरता एक कप तांदूळ त्या मोठ्या भांड्यात टाकत होते. इतका कमी तांदूळ रुंद बुडावर पातळ पसरतो, पाणी भराभर उडतं आणि खाली पापडी धरते. दोन कप घातले की तोच कुकर मोकळा, एकसारखा भात द्यायचा. त्यावरून पाण्याचा हिशेबही उमगला. तांदूळ पाणी पितो ते त्याच्या मापाप्रमाणे, पण वाफ होऊन जाणारं पाणी भांड्याच्या रुंदीवर आणि वेळेवर ठरतं. म्हणून तांदूळ दुप्पट केला तरी पाणी अगदी दुप्पट लागत नाही, थोडं कमीच पुरतं. सोबतचा कप १८० मिलिलिटरचा असतो, घरातल्या वाटीशी त्याची गल्लत करू नये. त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ मावतो. आतल्या रेघा याच कपाच्या हिशेबाने आखलेल्या असतात.

खोक्यावरच्या लिटरच्या आकड्याचंही बघून घ्या. कुणी कच्च्या तांदळाचं माप लिहितं, कुणी अख्ख्या भांड्याचं. किती कप तांदूळ शिजतो एवढंच विचारावं.

वेळ वाचतो का? नाही. दोन कपांना २५ ते ३० मिनिटं, आणि खटका उडाल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटं वाफ मुरू द्यायची. प्रेशर कुकर वाफ जिरण्यासकट तेवढ्यातच किंवा आधी मोकळा होतो. शिवाय त्यात एका डब्यात भात, दुसऱ्यात बटाटे किंवा कडधान्य, सगळं एकदम होतं. ज्या घरात रोज असे दोन-तीन डबे लागतात आणि कुणीतरी स्वयंपाकघरात असतंच, तिथे राइस कुकर माळ्यावरच जाणार. ताईकडे तेच झालं होतं.

विजेचं गणित मात्र मला वाटलं तसं निघालं नाही. ७०० वॅटचा कुकर २५ मिनिटं चालला तर ०.३ युनिटपेक्षाही थोडं कमी. पण नंतर भात गरम ठेवायला तो ४० वॅट घेत राहिला, तर दहा तासांत ०.४ युनिट होतात. शिजवण्यापेक्षा गरम ठेवणंच महाग! त्यातून भात पिवळट आणि कोरडा पडतो, तो वेगळाच.

याचा अर्थ बंद करून भात तसाच झाकून ठेवायचा असा मुळीच नाही, आणि इथे मला जरा आग्रहानेच सांगायचंय. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजण्यातूनही वाचतात आणि कोमट भातात वाढतात. त्यांचं एक विष पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून भात एकतर ६० अंशांच्या वर गरम राहू द्यावा, नाहीतर तासाभरात पसरून निववून फ्रिजमध्ये ठेवावा.

भांड्याचं अस्तर खरवडू नये म्हणून तांदूळ दुसऱ्या पातेल्यात धुवावेत आणि लाकडी उलथनं वापरावं. भांडं आत ठेवण्याआधी बूड कोरडं पुसावं. खाली एखादं शीत अडकलं तरी चुंबक नीट टेकत नाही आणि भात अर्धा कच्चा राहतो. माझा एकदा राहिला.

तीन आठवडे संपले तेव्हा ताईला तिचा कुकर परत दिला आणि स्वतःसाठी लहान घेतला, तीन-चार कपांचा, ४०० वॅटचा. दुकानात मला पडद्याचा, बारा कार्यक्रमांचा एक दाखवला. हातसडीचा तांदूळ आधी भिजवून ठेवायचा, सकाळसाठी रात्रीच वेळ लावायची, हे सगळं त्यात होतं. चांगलाच असणार. पण भात झाला की तो पिपाणीसारखा बारीक आवाज करतो, आणि माझ्या कानातून सगळ्यात आधी गेले ते नेमके असे उंच सूर. मी खटक्याचा मागितला. विक्रेत्याला दोन्ही दिवे लावून दाखवायला सांगितले आणि दहा पावलं मागे जाऊन बघितलं. दिसत होते.

आता तो ओट्याच्या कडेला, वरच्या कपाटाला वाफ लागणार नाही असा ठेवलाय. माझ्या लिहिण्याच्या टेबलावरून दारातून सरळ दिसतो. हे लिहितानाच मधे मान वर केली तर लाल जाऊन पिवळा दिवा लागलेला. अजून दहा मिनिटं वाफ मुरायची आहे, तोवर हा मजकूर एकदा वाचून घेते.