पारसिकच्या कापावरचा सपाट टप्पा

बेलापूरच्या बाजूला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी एका इमारतीसाठी कातळ कापला होता आणि त्या कापाची स्थिरता तपासण्याचे काम भूवैज्ञानिक म्हणून माझ्याकडे आले होते. कापाच्या माथ्यावर एक रुंद टप्पा होता. साइटवरच्या तरुण अभियंत्याने खाडीकडे बोट दाखवून विचारले, "मॅडम, हा जुना समुद्रकिनाराच वर उचलला गेला असेल का?"

प्रश्न हुशारीचा होता. भूकवचाच्या हालचालींमुळे जिथे किनारा उचलला जातो, तिथे लाटांनी कड्याच्या पायथ्याशी घासून काढलेला मंच भरतीच्या आवाक्याबाहेर जातो आणि त्याच्या खाली नवा कडा व नवा मंच कोरला जाऊ लागतो. पापुआ न्यू गिनीच्या ह्युऑन द्वीपकल्पावर प्रवाळांच्या अशा पायऱ्या शेकडो मीटर उंचीपर्यंत गेल्या आहेत. सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर होती. त्या काळचा मंच आज १३१ मीटरवर असेल, तर त्यातून ६ मीटर वजा करून वर्षाला सरासरी १ मिलिमीटर उचल निघते.

मात्र लाटांनी घासलेला मंच थरांचा कल जुमानत नाही, तो त्यांना छेदून जातो. इथला टप्पा लाव्हाच्या थराबरोबरच चालला होता. कंपास लावला, तर दोघांचाही कल पश्चिमेकडे सुमारे १२ अंश भरला. वरचा मऊ थर झिजून खालचा टणक बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला खडक, उघडा पडला होता, एवढेच. सह्याद्रीत जवळपास आडवे असलेले हेच थर सेशेल्सपासून भारताचा पश्चिम किनारा फाटताना समुद्राकडे वाकले. त्या वाकाला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. म्हणजे हालचाल इथेही झाली, पण खाली झुकवणारी, आणि तीही कोट्यवधी वर्षांपूर्वी.

मला खरी काळजी वाटली ती दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्याची. काप पश्चिमाभिमुख आणि थरांचा कलही पश्चिमेकडेच असल्याने तो पट्टा कापाच्या तोंडाशी उघडा पडला होता. पावसाळ्यात त्यात पाणी मुरले, की वरचा सगळा खडक त्यावरून घसरू शकतो. कंत्राटदाराला नुसती जाळी पुरेशी वाटत होती, परंतु जाळी सुटे दगड अडवते, अख्खा थर नव्हे. पट्ट्याच्या वर-खाली निचऱ्याची भोके आणि त्याला ओलांडून खालच्या घट्ट बेसाल्टमध्ये रुतणारे रॉक बोल्ट, म्हणजे खडकाला जखडणाऱ्या पोलादी सळया, पावसाआधी बसवावेत, असे मी त्याच संध्याकाळी अहवालात लिहिले.