इंजेक्शनच्या आधी दुधाचा नमुना

आमच्या गौरी गाईच्या मागच्या उजव्या सडातून दुधात बारीक गुठळ्या यायला लागल्या. कास सुजलेली नाही, ताप नाही, चाराही नीट खात होती. इंदूरकडच्या राऊजवळच्या आमच्या गोठ्यात धार काढणारे काका म्हणाले, "थनैला है, सुई लगवा दो." थनैला म्हणजे कासदाह, कासेला होणारा जंतुसंसर्ग. मी मात्र हट्ट धरला, आधी तपासणी. अँटिबायोटिक एकदा टोचलं की नमुन्यातले जंतू पुष्कळदा प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढतच नाहीत, मग औषध अंदाजानंच द्यावं लागतं.

महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आम्हाला जवळ. २००९ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाचं ते. फोन केला, तर तिथल्या डॉक्टर मॅडमनी नमुना कसा घ्यायचा ते शांतपणे समजावलं. सगळं यावरच अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सड धुऊन कोरडं करायचं. ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं टोक पुसायचं, बोळा मळका निघाला तर नवा घ्यायचा, स्वच्छ निघेपर्यंत. पहिल्या तीन-चार धारा टाकून द्यायच्या. निर्जंतुक बाटली तिरकी धरायची, म्हणजे वरून केस-धूळ पडत नाही, आणि तिचं तोंड सडाला लागू द्यायचं नाही. बाटलीवर गाय, सड, तारीख लिहून लगेच बर्फात.

प्रयोगशाळेत त्यांनी चार खळग्यांच्या पांढऱ्या थाळीत चारही सडांचं दूध घेऊन जांभळं द्रावण घातलं. तीन पातळ राहिले, चौथा फिरवताना जेलीसारखा घट्ट झाला. द्रावणानं पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए बाहेर येऊन दूध घट्ट करतो, असं त्यांनी सांगितलं. मला ते फार आवडलं!

जंतू प्लेटवर वाढवून, कोणतं औषध त्यांना रोखतं ते पाहायला औषध मुरवलेल्या कागदी चकत्या लावायला आणखी काही दिवस गेले. स्टॅफिलोकॉकस निघाला. पेनिसिलिनच्या चकतीला खेटून तो वाढला होता, म्हणजे त्या औषधाला तो दाद देत नव्हता. दुसऱ्या एका चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ. तेच औषध डॉक्टरांनी दिलं. संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं तो जंतू अभ्यासासाठी ठेवायची परवानगी मागितली, मी आनंदानं सही केली. आपल्या गोठ्यातला जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे विद्यापीठाला कळायलाच हवं.

औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत गौरीचं दूध रतीबाला गेलं नाही, वासरालाही पाजलं नाही. तिची धार आता सगळ्यांत शेवटी काढतो. धारेनंतर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवून पुढ्यात चारा टाकतो, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत ती खाली बसत नाही. औषध संपल्यावरचा नमुना स्वच्छ आला. पुढचा महिन्याभरानं न्यायचा आहे.