ताश्कंदचं दगडी घड्याळ आणि किल्लारीचे काका

मी टूर मॅनेजर आहे, उझबेकिस्तानात ताश्कंद-समरकंदच्या टूर्स करतो. बहुतेक ग्रुप पुणे-मुंबईचे असतात पण मागच्या वर्षी एक ग्रुप लातूर-उमरग्याकडचा मिळाला, अठ्ठावीस माणसं, त्यात किल्लारीचे एक काका, सत्तरीतले. हॉटेलला चेक-इन करतानाच ते म्हणाले, "सर, खालचा मजला द्या." खाली रूमच नव्हत्या, सहावा मजला मिळाला. मला वाटलं गुडघे दुखत असतील, लिफ्ट आहे काका, म्हणालो आणि विसरून गेलो. सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की तुमचे एक गृहस्थ पहाटे तीनपासून लॉबीत बसलेत.

त्या दिवशी प्रोग्राम नेहमीचा होता. आधी शास्त्रीजींचा पुतळा. 10 जानेवारी 1966 ला इथे भारत-पाकिस्तान करार झाला, त्याच रात्री शास्त्रीजी गेले, संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणही सोबत आले होते, हे सांगितलं की आपली माणसं गप्प होतातच. मग भूकंपाचं स्मारक. त्याच वर्षी 26 एप्रिलला पहाटे शहराच्या बरोबर खाली भूकंप झाला, माणसं त्या मानाने फार कमी गेली पण 3 लाखांच्या आसपास लोक बेघर झाले, आणि दहा वर्षांनी म्हणजे 1976 मध्ये सोव्हिएत सरकारने हे स्मारक उभारलं. काळ्या दगडाचा मोठा चौकोनी ठोकळा, एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला पाच चोवीसवर थांबलेलं घड्याळ, मधोमध तडा. तो तडा जमिनीवरून पुढे जातो तो थेट एका पुरुषाच्या पायापर्यंत, आणि तो माणूस हात पुढे करून मागच्या बाईला आणि लेकराला झाकतोय.

इथे मी दहा मिनिटं देतो फोटोसाठी. सगळे बसमध्ये बसले, काका आलेच नाहीत. जाऊन बघतो तर घड्याळासमोर उभे. म्हणाले, "आमचं तीन छप्पन्नला." मला क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाले, "विसर्जन करून झोपलो होतो लेकरा. माळवद आलं अंगावर." 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. माळवद म्हणजे घराचं मातीचं छत. आई आणि धाकटी मुलगी गेली, एवढंच बोलले. मी इतकी वर्षं या जागी उभं राहून तेच ते आकडे सांगत आलोय आणि त्या वेळी तोंडातून शब्द फुटेना.

स्मारकामागे भिंतींवर शिल्पं आहेत, वेगवेगळ्या प्रजासत्ताकांतून आलेले बांधकाम कामगार. काकांनी तीही नीट बघितली आणि विचारलं, "हे झालं बांधणाऱ्यांचं. राह्यला गेलेली माणसं कुठंयत?"

दुपारी बाजाराचा वेळ होता. ग्रुपला बाजारात सोडलं, सहकाऱ्यावर सोपवलं, आणि मी, काका आणि आमची गाईड मेट्रोने चिलांझारला गेलो, भूकंपानंतर बेघरांना जिथे घरं मिळाली त्या वस्तीत. गाईड हिंदी सुंदर बोलते, शास्त्रीजींच्या नावाच्या शाळेत शिकलेली. ही मेट्रोसुद्धा भूकंपानंतरचीच, 1977 ची, संगमरवर आणि झुंबरं, 2018 पर्यंत आत फोटोलासुद्धा बंदी होती. टुरिस्टला हे सगळं दाखवतात, चिलांझार कोणी दाखवत नाही.

तिथे चार मजली पॅनेलच्या इमारती रांगेने, एकासारखी एक. फॅक्टरीत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आणून जोडलेल्या. काही इमारतींच्या बाजूच्या अख्ख्या भिंतीवर मोझाइक, आणि खाली रोजचं आयुष्य: द्राक्षाचा वेल तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलेला, बाल्कन्या काचा लावून खोलीत घेतलेल्या, तळमजल्यावर कोणी पुढे भिंत वाढवून दुकान काढलंय, अंगणात तंदूर. ज्या सरकारने सगळ्यांना एकच नकाशा दिला त्या नकाशाचं लोकांनी काय केलं ते इथे दिसतं, आणि मला स्मारकापेक्षा हे मोठं वाटतं, खरंच.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते. गाईडने बोलायला लावलं. भूकंपाच्या वेळी बारा वर्षांचे, जुन्या वस्तीत मातीचं घर, मधे अंगण, जर्दाळूचं झाड, नंतर काही महिने तंबूत, मग इथे चौथ्या मजल्यावर.

काका म्हणाले, "विचारा त्यांना, शेजारी जुनेच मिळाले का?"

नाही, म्हणाले ते. सगळे नवे. जुने शेजारी कुठल्या कुठल्या ब्लॉकमध्ये पांगले.

"आमचे बी. रस्ते लई रुंद केले नव्या गावात. हाक मारली तर पलीकडं जात न्हाई."

मग काका इमारतीपाशी गेले, प्रवेशदाराच्या कडेला भिंत वीतेने मोजली. वीतभरही नव्हती. "आमची अडीच फूट होती. दगडमातीची. तिनंच मारलं." हात तसाच भिंतीवर ठेवून वर चौथ्या मजल्याकडे बघत राहिले, मग विचारलं, "झोप लागती का तिथं वर?"

गाईडने विचारलं. म्हातारे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आईला कधीच लागली नाही, मरेपर्यंत दाराशी झोपायची. मला लागते.

त्या रात्रीही काका लॉबीतच होते. मी जवळची खुर्ची घेतली, आम्ही पहाटेपर्यंत पाऊस आणि सोयाबीनवर बोललो. सकाळी पहिलं काम म्हणजे समरकंदच्या हॉटेलला फोन केला, तळमजला, दाराजवळची खोली, तीन रात्री.