'सा'ला खेटून उभा 'रे'

सप्टेंबर लागला की सोफियात बाल्कनीबाल्कनीतून मिरच्या भाजल्याचा वास सुटतो. लाल, लांबट, तिखटपणाचा पत्ता नसलेल्या मिरच्या. त्या भाजायला इथे 'चुश्कोपेक' नावाचं उभ्या डब्यासारखं विजेचं भांडं घरोघरी असतं. आमच्या मजल्यावरच्या आजींकडे मी सोलायला जाते. (बल्गेरियनमध्ये आजीला 'बाबा' म्हणतात. फोनवर "आज बाबांकडे मिरच्या सोलल्या" म्हटल्यावर आमच्या आईचा उडालेला गोंधळ विचारू नका.)

आजींची चौदा वर्षांची नात शाळेत मुलींच्या लोकगीत-गटात गाते. साली काढता काढता तिने गाणं सुरू केलं, आजींनी खाली एकच सूर धरला आणि मला म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर धर."

धरला की! लहानपणी गाण्याच्या क्लासला पाच वर्षं गेलेय मी. पण नात त्या सुराच्या जेमतेम एक पायरी वर चढली आणि तिथेच ठाण मांडून बसली. कोमल 'रे' अगदी 'सा'ला खेटून. आमच्या बाईंनी पेटीचं झाकणच लावलं असतं. माझा गळा आपोआप तिच्या सुरावर सरकला.

आजींनी सुरी टेबलावर आपटली. "तिच्याकडे कशाला पळतेस? ती येईल की परत!"

दुसऱ्या खेपेला मी डोळे मिटून खालचा सूर धरला. दोन सुरांच्या मधोमध काहीतरी थरथरायला लागलं, कानात भुंगा शिरावा तसं. जवारी, म्हणजे तारांचा झंकार, नीट लागलेल्या तंबोऱ्यापाशी कान नेल्यावर येतो, त्याच जातीचा अनुभव. यामागचं शास्त्र सोपं आहे. एक सूर सेकंदाला 300 कंपनांचा आणि दुसरा 320 चा असेल, तर मध्ये सेकंदाला 20 ठोके पडतात. सोफियाच्या आसपासच्या शोप भागातल्या बायका म्हणतात, सूर घंटेसारखा वाजला पाहिजे. म्हणजे आपण जे टाळतो तेच त्यांना हवं असतं.

वितोशा डोंगराच्या पायथ्याशी बिस्त्रित्सा गाव आहे. तिथल्या 'बाबी', म्हणजे आज्या, असंच गातात. एकदोघी चाल उचलतात आणि बाकीच्या सूर धरून ठेवतात. एका आवाजाला 'इझविक्वा' म्हणतात, म्हणजे हाळी देणं. दुसऱ्याला 'बुची क्रिवो' म्हणजे चक्क 'वाकडं गरजणं'. युनेस्कोने 2005 साली या आज्यांच्या गाण्याचा गौरव केला.

जगाला ठाऊक झाला तो आवाज मात्र थेट अंगणातला नाही. फिलिप कुतेव या संगीतकाराने 1951 मध्ये गावोगावचे गळे गोळा करून सरकारी कलापथक उभं केलं. पुढच्याच वर्षी सोफिया रेडिओचा बायकांचा गायकवृंद सुरू झाला. गळे खेड्यातले, खुल्या आवाजाचे. चालीही खेड्यातल्याच, पण त्यांची अनेक आवाजांत बांधणी शिकलेल्या संगीतकारांनी केलेली. मार्सेल सेलिए या स्विस माणसाने 1975 मध्ये 'बल्गेरियन आवाजांचं गूढ' अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने त्यांची तबकडी काढली. 1986 मध्ये ती लंडनहून पुन्हा निघाली आणि पाश्चात्त्य जग वेडं झालं. 1990 मध्ये दुसऱ्या भागाला ग्रॅमी मिळालं. वृंदानेही पुढे तेच नाव घेतलं. 1988 पासून त्याची धुरा दोरा ख्रिस्तोवा यांच्याकडे आली.

मला ते 'गूढ' जरा खटकतं. रोजच्या तालमीला गूढ म्हटलं की बायकांचे कष्ट बाजूला पडतात. कोतेलला 1967 मध्ये आणि रोदोपी डोंगरातल्या शिरोका लाकाला 1971 मध्ये लोकसंगीताच्या शाळा निघाल्या. शेजारची नात आता शिरोका लाकाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतेय. 'रचेनित्सा' हा सात मात्रांचा नाच, दोन-दोन-तीन असा. मी आपल्या रूपक तालाच्या सवयीने तीन-दोन-दोन अशा टाळ्या द्यायला गेले, तर ती पोट धरून हसली.

त्याच रोदोपीतल्या वाल्या बाल्कान्स्का या गायिकेचं एक गाणं 1977 मध्ये नासाच्या दोन व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेलं, देल्यो नावाच्या बंडखोराचं. त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. दुसरं यान उडालं आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या.

हे मी आजींना मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि फोनवर भैरवी लावली. त्यांनी हात न थांबवता साडेतीन मिनिटं ऐकलं. एक मिरची सोलून बरणीत टाकली.

"मोठी बाई आहे," म्हणाल्या. "पण एकटीच का गातेय? सूर धरायला कुणी बसलं नाही तिच्यासोबत?"