देवमाशाची शेपटी

फायबरचं काम करणारे जुलैला घाबरतात. मुंबईच्या दमट हवेत रेझिन दोन-दोन दिवस चिकट राहतं, हार्डनर वाढवावा तर तापून तडकतं. तरी ऑर्डर घेतली, कारण विषयच तसा होता: मेगॅलोडॉन शार्क आणि लिव्हियाटन देवमासा या नामशेष राक्षसांच्या झुंजीचं शिल्प. एका मॉलसाठी, एक तृतीयांश मापात, पंधरा दिवसांत.

मॉलवाल्यांना शार्क जिंकताना हवा होता आणि देवमासा ‘जरा गोड’. गोड! २००८ मध्ये पेरूच्या वाळवंटात त्याची जी कवटी सापडली तीच ३ मीटरची, आणि दात ३६ सेंटिमीटरचे. त्याच्या आजच्या नातलगाचे, स्पर्म व्हेल देवमाशाचे, कामाचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, याचे दोन्हीकडे. मेगॅलोडॉनचा मोठ्यात मोठा दात याच्या निम्मा, पण चपटा, त्रिकोणी आणि कडेला करवत. एक पडला की मागच्या रांगेतला पुढे येतो. देवमाशाला मात्र जन्मभर तेच दात पुरवायचे.

ती करवत मी हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने एकेका दातावर काढली. दहा फुटांवरून कुणाला दिसणार नाही, माहीत होतं.

अडलं ते शार्कच्या अंगापाशी. पोत बघायला पहाटे ससून डॉकला गेले. मुशी, म्हणजे छोटे शार्क, कापणाऱ्या मावशींना म्हटलं, हाडं कशी असतात जरा दाखवा. त्या हसल्या. “मुशीला काटा कुठे असतो गो बाय? सगळं कुरकुरीत.” तिथेच लख्ख कळलं. कूर्चा कुजून जाते, म्हणून मेगॅलोडॉनचे जवळजवळ फक्त दात उरले, आणि थोडे मणके. बाकी अंग अंदाजाने. कुणी १६ मीटर म्हणतं, २०२५ च्या अभ्यासात तो २४ मीटरपर्यंत गेला, आणि सडपातळही झाला. मी १६ धरले. मॉलचं छत तेवढंच होतं.

कोण जिंकलं असतं? माझा कौल देवमाशाला. दक्षिण आफ्रिकेत आजही ओर्का, म्हणजे देवमाशांचेच भाऊबंद, मोठ्या पांढऱ्या शार्कना मारून यकृत तेवढं खातात. अर्थात ओर्का जोडीने किंवा टोळीने जातात, आणि लिव्हियाटन कसा जायचा हे हाडांवरून कसं कळणार? शिवाय त्याला श्वासाला वर यावंच लागणार, शार्कला ती कटकट नाही.

आता शेपटी. शार्कची उभी, डावी-उजवी हलते. देवमाशाची आडवी, वर-खाली. त्याचे पूर्वज चार पायांचे, जमिनीवरचे; धावताना पाठ जशी वर-खाली वाकते तोच हिसका पाण्यात गेला. चित्र भिंतीवर लावलेलं असूनही आमच्या वेल्डरकाकांनी सांगाड्याला शेपटी उभी जोडली. “माशाची अशीच असते की.” मासा नाहीये तो, काका! रात्री अकराला ग्राइंडरने कापली आणि आडवी केली.

मॉलच्या लिफ्टमध्ये अख्खं धूड जाणार नव्हतं, म्हणून तीन भाग केले. शेपटीला गोल फ्लँज, म्हणजे जोडायची चकती, आठ बोल्ट, भोकं समान अंतरावर. फिटिंग त्यांच्याच माणसांनी करायचं ठरलं होतं. मी दुसऱ्या साइटवर होते.

उद्घाटनाचे फोटो संध्याकाळी आले. लायटिंग सुरेख, शार्कचे दात चकाकताहेत, पोरं सेल्फी काढताहेत आणि देवमाशाची शेपटी उभी.

फोन केला. “मॅडम, आडवी विचित्र दिसत होती, म्हणून फिरवून घेतली. बसली की बरोबर!” बसणारच. आठ समान भोकं मीच पाडली होती. एक भोक जरा सरकवून पाडलं असतं तर ती एकाच तऱ्हेने बसली असती. एरवी असली काळजी मी प्रत्येक जोडात घेते.

दुसऱ्या दिवशी पाना घेऊन गेले. गेटपास नाही म्हणून सिक्युरिटीने आत सोडलं नाही. प्रदर्शन दहा दिवस चाललं.