तुम्ही विचारलंत म्हणून: होळकरांचं राज्य नकाशात असं विखुरलेलं का?

आमच्या बैठकीत ब्रिटिश काळातला सेंट्रल इंडिया एजन्सीचा (म्हणजे इथल्या संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रजी कारभाराचा) नकाशा लावलाय आणि इंदूरला आलेले पाहुणे हमखास विचारतात, हे इंदूर संस्थान, म्हणजे होळकरांचं राज्य, असं तुकड्यातुकड्यात का, नकाशा चुकलाय का? नाही हो, राज्य खरंच तसंच होतं. खाली नर्मदेकाठी महेश्वर-खरगोन, वर पार रामपुरा-भानपुरा, आणि मधेमधे शिंदे, धारचे नि देवासचे पवार, सगळ्यांचे तुकडे एकमेकांत घुसलेले.

माझं ऐकाल तर आधी आलमपूर शोधा. ग्वाल्हेर आणि दतियाच्या मधे, भिंगाशिवाय सापडत नाही एवढा ठिपका, पण रंग इंदूरचा! 1766 मधे होळकर राज्याचे संस्थापक मल्हारराव तिथे वारले, त्यांच्या सून अहिल्याबाईंनी त्यांची छत्री, म्हणजे स्मारक, बांधलं, आणि एवढ्या लांबचा तो तुकडा होळकरांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आता ते भिंड जिल्ह्यात आहे. मला तर अख्ख्या नकाशात तोच ठिपका सगळ्यात प्रिय आहे.

मग सातपुडा बघा. डिसेंबर 1817 ला इंग्रजांशी महिदपूरची लढाई हरलो, जानेवारी 1818 मधे मंदसौरचा तह झाला आणि खानदेशासकट सातपुड्याखालचा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला, त्याच वर्षी राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि शेजारी महूला छावणी बसली. त्यामुळे जुना नकाशा हाती आला की मी आधी बघते, हद्द डोंगराच्या अलीकडे की पलीकडे, त्यावरून नकाशा 1818 आधीचा की नंतरचा ते कळतं. खाली छापलेल्या सालावर जाऊ नका, तेव्हाचे प्रकाशक जुन्याच तांब्याच्या प्लेटवर नवीन साल टाकून नकाशे विकायचे.

आणि हे काय राजेरजवाड्यांपुरतंच नाही. सिरोंज घ्या, यशवंतराव होळकरांनी ते आपल्या साथीदार सरदाराला, अमीरखानाला (पुढे टोंकचा नवाब) दिलं, मग ते टोंक संस्थानात, मग राजस्थानात, आणि 1956 मधे मध्य प्रदेशात आलं, त्याच वेळी आपल्याकडचं सुनेल राजस्थानात गेलं. माणसं घरातच, राज्य बदललं.

मी सध्या मध्य भारतचे शाळेतले नकाशे शोधतेय. ते राज्य 1948 ते 1956 एवढंच टिकलं, त्यामुळे नकाशे फार कमी उरलेत. कोणाच्या माळ्यावर असेल तर प्लीज रद्दीत घालू नका, घडी उलगडतानाच फाटतात ते, सपाट ठेवा आणि मला कळवा, मी येऊन बघते.